अमेरिकेंतील वंशभेदाचा अभ्यास आणि जव्हारचा विद्यार्थी

परदेशच्या इतिहासाचें अध्ययन आपल्या विद्यार्थ्यांनीं कां करावें, असा प्रश्न विचारणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. इंग्लंडच्या राजांच्या सनावळ्या पाठ करण्यांत एके काळीं कित्येक पिढ्यांचें बालपण खर्ची पडलें आणि त्यांतून हातीं फारसें कांहीं लागलें नाहीं, हें आठवलें म्हणजे या प्रश्नांत तथ्य नाहीं असें आम्हांस म्हणवत नाहीं. त्यांतून अमेरिकेंतील गोरे, कृष्णवर्णीय व तेथील मूळ रहिवासी यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास पालघर जिल्ह्यांतील विद्यार्थ्यानें करावा असें कोणी सुचविलें, तर ऐकणारा हंसल्यावांचून राहणार नाहीं. जव्हार तालुक्यांतील साखरशेतसारख्या गांवच्या मुलानें आधीं आपल्या गांवचा इतिहास शिकावा, न्यूयॉर्कचा मागाहून पाहतां येईल, असें तो म्हणेल. त्याचें म्हणणें अर्धें खरें आहे. उरलेल्या अर्ध्याविषयीं प्रस्तुत लेखांत चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. साखरशेतच्या मुलाला आपल्या गांवचा इतिहास नीट वाचतां यावा, याच हेतूनें त्यानें अमेरिकेंतील वंशभेदाचा इतिहास पाहावा, असें आमचें मत आहे. आणि अमेरिकेकडे या दृष्टीनें पाहण्याची महाराष्ट्रांतील परंपरा दीडशें वर्षांची आहे.

अमेरिकेंतील विद्यापीठांत हा विषय स्वतंत्रपणें शिकविला जाऊं लागला तो बराच उशिरां, व तोहि विद्यार्थ्यांच्या हट्टामुळें. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजांत ६ नोव्हेंबर १९६८ रोजीं विद्यार्थ्यांनीं संप पुकारला. कृष्णवर्णीय, मेक्सिकन, आशियाई व मूळ रहिवासी अशा साऱ्या समाजांचे विद्यार्थी त्यांत होते आणि आमचा इतिहास आम्हांस शिकवा, ही त्यांची मागणी होती. मार्च १९६९ मध्यें संप मिटला व त्या कॉलेजांत या विषयाचें स्वतंत्र विद्यालय स्थापन झालें. परंतु महाराष्ट्रांत या विषयाचे विद्यार्थी त्यापूर्वीं जवळजवळ शंभर वर्षें होऊन गेले होते. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें, तें निग्रो दासांच्या मुक्तीसाठीं झटलेल्या अमेरिकेंतील सज्जनांस त्यांनीं अर्पण केलें. अमेरिकेंतील दास्य कायद्यानें संपून तेव्हां अवघीं आठ वर्षें झालीं होतीं. पंडिता रमाबाई १८८६ मध्यें, आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाच्या निमित्तानें, फिलाडेल्फियास गेल्या. परत आल्यावर १८८९ सालीं त्यांनीं त्या देशाच्या लोकस्थितीवर मराठींत जो ग्रंथ लिहिला, त्यांत तेथील स्वातंत्र्याची व स्त्रीशिक्षणाची मनमोकळी स्तुति आहे. पण मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय व काळ्या कातडीविषयींचा तिरस्कार हे दोष झांकण्याचा यत्न त्यांनीं केलेला नाहीं. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं आपला जातिसंस्थेच्या इतिहासाचा ग्रंथ कॉर्नेल विद्यापीठांत लिहिला, व तो १९०९ सालीं प्रसिद्ध झाला. जातींचा विचार करावयास अमेरिकेंत जावें लागावें हें प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटतें. परंतु ज्या रीतीभातींत आपण जन्मलों, त्या रीतीभाती दुरून पाहिल्याखेरीज नीट दिसत नाहींत, असाच याचा अर्थ आहे.

या परंपरेंतील सर्वांत मोठा विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ सालीं कोलंबिया विद्यापीठांत दाखल झाले. त्या विद्यापीठांत फ्रान्झ बोआस हे मानववंशशास्त्राचे आचार्य होते. युरोपांतून आलेल्या लोकांच्या व अमेरिकेंत जन्मलेल्या त्यांच्या मुलांच्या, मिळून सुमारें १८,००० जणांच्या, डोक्यांचीं मापें घेऊन त्यांनीं दाखवून दिलें होतें, कीं वंशाची अढळ खूण म्हणून मानलेली कवटीची ठेवणहि एका पिढींत बदलते. बोआस यांचे शिष्य अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या अभ्यासवर्गांत ९ मे १९१६ रोजीं आंबेडकरांनीं भारतांतील जातींवर आपला निबंध वाचला. जात ही रक्तांतून उत्पन्न झालेली नसून आपल्या गटाबाहेर लग्न न करण्याच्या निर्बंधांतून उत्पन्न झाली, आणि एका वर्गानें आपलें दार लावून घेतल्यावर इतरांनीं कांहीं अनुकरणानें व कांहीं नाइलाजानें आपापलीं दारें लावून घेतलीं, हें त्या निबंधाचें सार आहे. फुल्यांनीं अमेरिकेकडून दास्यविमोचनाची प्रेरणा घेतली होती, तथापि आर्य व अनार्य हे दोन निरनिराळे वंश होत, हें पाश्चात्य पंडितांचें मत त्यांच्या विवेचनांत मुळाशीं होतें. आंबेडकरांनीं प्रेरणा तीच ठेवली आणि वंशाचें तें मत टाकून दिलें. तेवढ्या त्रेचाळीस वर्षांत अभ्यास किती पुढें सरकला होता, हें या एका गोष्टीवरून वाचकांच्या ध्यानांत येईल.

आतां अमेरिकेच्या इतिहासापासून जव्हारच्या विद्यार्थ्यास काय शिकावयाचें आहे, तें क्रमानें पाहूं. पहिला धडा नांवांचा आहे. माणसांचे गट निसर्गानेंच पाडलेले आहेत, सरकार फक्त ते मोजतें, अशी आपली साधारण समजूत असते. अमेरिकेंतील जनगणनेचीं जुनीं पत्रकें पाहिलीं म्हणजे ही समजूत टिकत नाहीं. १८९० च्या गणनेंत अंगांत कृष्णवर्णीय रक्ताचा चौथा हिस्सा असलेले व आठवा हिस्सा असलेले असे निरनिराळे वर्ग पाडले होते. पुढें ते नाहींसे झाले. ‘मेक्सिकन’ हा वंश १९३० च्या एकाच गणनेंत अवतरला व १९४० मध्यें लुप्त झाला. याहून गमतीची गोष्ट अशी, कीं १९२० ते १९४० पर्यंतच्या तीन गणनांत ‘हिंदु’ हाहि तेथें एक वंश होता, आणि पंजाबांतून गेलेला शीख किंवा मुसलमान मजूरहि त्याच रकान्यांत पडे. रक्त तेंच, माणसें तींच. रकाना मात्र दर दहा वर्षांनीं बदलत होता.

भगतसिंग थिंद यांच्या खटल्यांत तर हा प्रकार फारच स्पष्ट झाला. अमेरिकेच्या १७९० च्या कायद्यानें परदेशांतून आलेल्या केवळ ‘गोऱ्या’ माणसास नागरिकत्व मिळे. १८७० नंतर आफ्रिकन वंशाच्या लोकांसहि तें मिळूं लागलें. पहिल्या महायुद्धांत अमेरिकेच्या सैन्यांत नोकरी केलेल्या थिंद यांनीं आपण उच्च जातीचे आर्य असल्यामुळें गोऱ्यांतच मोडतों, असा दावा केला. त्यापूर्वीं तीनच महिने, १९२२ च्या नोव्हेंबरांत, एका जपानी गृहस्थाच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ‘गोरा’ म्हणजे शास्त्रज्ञ ज्याला कॉकेशियन म्हणतात तो, असा निर्णय दिला होता. थिंद यांचें म्हणणें या व्याख्येंत बसत होतें. तेव्हां १९ फेब्रुवारी १९२३ रोजीं त्याच न्यायालयानें शास्त्रज्ञांचा अर्थ बाजूस सारून सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणें गोरा तो गोरा, असें ठरविलें व थिंद यांचा अर्ज फेटाळला. पूर्वीं नागरिक झालेल्या कित्येक हिंदी लोकांचें नागरिकत्वहि त्यामुळें गेलें. हिंदी माणसाला तो हक्क परत मिळण्यास १९४६ साल उजाडावें लागलें. या प्रकरणांत अन्याय झाला तो थिंद यांच्यावर, हें उघड आहे. परंतु आपल्या देशांतील उच्चनीचतेच्या शिडीवर उभें राहून दुसऱ्या देशाच्या शिडीवर हात पोंचविण्याचा त्यांचा यत्न होता, हेंहि विद्यार्थ्यानें विसरूं नये.

हा धडा घेऊन विद्यार्थी घरीं परतला म्हणजे आपल्या भोंवतालचीं नांवें त्याला निराळीं दिसूं लागतील. भारतांतील १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ली यांनीं नाकांचीं मापें घेऊन जातींचा उच्चनीच क्रम व नाकाची रुंदी यांचा मेळ बसतो, असा सिद्धांत मांडला होता. मुंबई विद्यापीठाचे प्राध्यापक गोविंद सदाशिव घुर्ये यांनीं १९३२ सालच्या आपल्या ग्रंथांत त्याच मापांची फेरतपासणी करून उत्तर हिंदुस्थानाबाहेर हा मेळ बसत नाहीं, असें दाखविलें. इरावती कर्वे यांनीं बर्लिनमध्यें ऑयगेन फिशर या वंशवादी पंडिताच्या हाताखालीं कवट्यांचा अभ्यास केला. गुरूच्या अपेक्षेस न जुमानतां कवटीची विषमता वंशावर अवलंबून नाहीं, असा निष्कर्ष त्यांनीं निर्भयपणें नोंदविला. आतां जव्हारकडे पाहावें. या तालुक्यांत दहांपैकीं नऊ माणसें अनुसूचित जमातींचीं आहेत. वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, मल्हार कोळी हीं त्यांचीं नांवें. परंतु या साऱ्यांस मिळून एक नांव कोणतें, याविषयीं शंभर वर्षें कागदांवर वाद चालला. जनगणनेच्या पत्रकांत त्यांच्यापैकीं कोणी हिंदु म्हणून मोजले गेले, कोणी भूतपिशाचपूजक या अर्थाच्या शब्दाखालीं, तर कोणी ‘जमातीचा धर्म’ या सदरांत. १९४३ सालीं घुर्ये यांनीं त्यांना मागासलेले हिंदु म्हटलें. व्हेरिअर एल्विन यांनीं त्याच सुमारास त्यांस निराळे मूळ रहिवासी मानून त्यांच्या संरक्षणाचा कैवार घेतला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें ‘अनुसूचित जमाती’ हें नांव पक्कें झालें. आज ‘आदिवासी’ हें नांव ते स्वतः अभिमानानें घेतात. समुद्रकांठचा सोनकोळी अनुसूचित जमातींच्या यादींत नाहीं आणि डोंगरांतला महादेव कोळी आहे, हा भेद गोत्रापेक्षां सरकारी कागदानें अधिक ठळक केला. अशा नांवांमागें खरें दुःख व खरे हक्क असतात, म्हणून तीं खोटीं म्हणून टाकून देतां येत नाहींत. तीं कोणीं, केव्हां व कशासाठीं ठरविलीं, एवढें विचारण्याची संवय मात्र लागली पाहिजे.

दुसरा धडा जमिनीचा. अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया प्रांतांत १७३७ सालीं घडलेला एक प्रकार विद्यार्थ्यास अवश्य सांगावा. विल्यम पेन यांच्या मुलांनीं लेनापे लोकांपुढें एक जुना करार ठेवला. एक माणूस दीड दिवसांत जेवढें अंतर चालून जाईल तेवढी जमीन गोऱ्यांस द्यावयाची, असें त्या करारांत असल्याचें ते सांगत. लेनापे लोकांच्या कल्पनेंत चालणें म्हणजे नेहमींच्या पावलानें, वाटेंत थांबत, नदीकांठानें चालणें. पेन यांच्या मुलांनीं आधीं वाट साफ करून घेतली आणि तीन निवडक धांवपटू सोडले. त्यांपैकीं एकटाच शेवटपर्यंत टिकला. पण त्यानें सुमारें ६५ मैल कापले व त्यायोगें सुमारें १२ लाख एकर जमीन लेनापे लोकांच्या हातून गेली.

ही कथा जव्हारच्या मुलास ऐकविली तर त्याला ती सर्वस्वीं परकी वाटणार नाहीं. जव्हारच्या राज्याच्या स्थापनेविषयींची दंतकथा ठाणें जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरांत नमूद आहे. त्या कथेप्रमाणें जव्हार पूर्वीं एका वारली नायकाच्या ताब्यांत होतें. मुकणे घराण्याचा मूळ पुरुष जयबा यानें त्याच्याकडे बैलाच्या कातड्यानें व्यापेल एवढीच जमीन मागितली. नायकानें ती आनंदानें दिली. मग जयबानें कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्या एकापुढें एक जोडल्या व गडासह सारा मुलूख वेढून घेतला. हीच गोष्ट प्राचीन कार्थेज नगरीच्या स्थापनेविषयींहि सांगितली जाते. तेव्हां ती अक्षरशः घडली असें कोणी मानूं नये. परंतु जिंकणाऱ्याच्या घराण्यानेंच आपल्या उगमाची कथा अशी जपून ठेवावी, आणि तिच्यांत जमीन युक्तीनें घेतल्याचें व ती आधीं वारल्यांची असल्याचें मान्य करावें, ही इतिहासाच्या दृष्टीनें लहान गोष्ट नव्हे. शिवाजी महाराजांची सुरतेच्या मोहिमेपूर्वीं जव्हारच्या राजांशीं शिरपामाळावर भेट झाल्याची परंपरा प्रत्येक जव्हारकराच्या तोंडीं असते. तो माळ जसा दाखवावा, तशी त्या कातड्याची कथाहि मुलांस विचार करावयास द्यावी.

जमीन जाण्याचे मार्ग पुढें बदलले. अमेरिकेंत १८८७ च्या डॉझ कायद्यानें मूळ रहिवाशांच्या सामाईक जमिनीचे खासगी तुकडे पाडले. त्यांना सुधारण्याचा हेतु त्यांत सांगितला होता. त्या वर्षीं त्यांच्याकडे सुमारें १३ कोटी ८० लाख एकर जमीन होती, ती १९३४ पर्यंत सुमारें ४ कोटी ८० लाख एकरांवर आली. ठाणें जिल्ह्यांत हें काम सावकाराच्या वहीनें व जमीनदाराच्या वेठीनें केलें. लग्नासाठीं घेतलेल्या चाळीस-पन्नास रुपयांच्या कर्जापायीं नवराबायको दोघांनीं धनदांडग्याच्या घरीं वर्षानुवर्षें राबावें, अशा माणसास ‘लग्नगडी’ हा शब्दच मराठींत रूढ झाला. मुंबई सरकारनें नेमलेल्या सिमिंग्टन या अधिकाऱ्यानें १९३० च्या दशकाच्या अखेरीस ही स्थिति आपल्या अहवालांत मांडली होती. परंतु ती पालटली ती अहवालानें नव्हे. डहाणू व उंबरगांव या शेजारच्या तालुक्यांतील वारल्यांनीं १९४५ च्या मे महिन्यांत झरी येथें जमून वेठ न करण्याची शपथ घेतली. ऑक्टोबरांत तलवाडा येथें गोळीबार झाला व माणसें मारलीं गेलीं. तरी ते मागें हटले नाहींत. या लढ्याची हकीकत गोदावरी परुळेकर यांनीं १९७० सालीं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकांत लिहिली. पुढें १९७४ च्या कायद्यानें आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत करण्याची तरतूद झाली व २००६ च्या कायद्यानें वनजमिनीवरील हक्क मान्य झाले. कायदा पुस्तकांत असणें व सातबारा हातीं पडणें यांत किती अंतर आहे, तें जव्हारच्या शेतकऱ्याला आम्हीं सांगावयास नको.

तिसरा धडा विद्यार्थ्यास अधिक अवघड वाटेल. पीडक व पीडित अशा दोनच रांगा करून सारा इतिहास मांडण्याचा मोह या अभ्यासांत फार असतो. जव्हार त्या मोहाला आवर घालतें. सुमारें ३१० चौरस मैलांच्या या संस्थानाचे राजे महादेव कोळी होते. १३४३ सालीं दिल्लीच्या सुलतानानें त्यांच्या घराण्यास मान्यता दिली आणि १९४८ मध्यें मुंबई प्रांतांत विलीन होईपर्यंत तें घराणें गादीवर होतें. त्याच कोळी समाजाचा शेतकरी उतारावर नाचणी-वरई पेरून अर्धें वर्ष कसेंबसें काढीत होता. एकाच नांवाखालीं राजवाडाहि होता आणि कारवीच्या कुडाची झोंपडीहि. राजांनीं शाळा व रस्ते केले हें नमूद करावें. रयतेच्या अंगावर वस्त्र नव्हतें हेंहि नमूद करावें. अमेरिकेंतहि मूळ रहिवाशांपैकीं चेरोकी समाजांतील श्रीमंतांनीं कृष्णवर्णीय दास बाळगले होते, आणि १८३८ सालीं सैन्यानें त्या समाजास देशोधडीस लावलें तेव्हां तेच दास त्यांच्यासह त्या वाटेनें चालत गेले. ज्याच्यावर अन्याय झाला, त्याच्या हातून अन्याय होतच नाहीं, अशी हमी इतिहास कोणालाच देत नाहीं.

चौथा धडा शाळेचा आहे, व आमच्या मतें तो सर्वांत निकडीचा आहे. त्याच पेनसिल्व्हेनियांत १८७९ सालीं कार्लाइल येथें मूळ रहिवाशांच्या मुलांसाठीं निवासी शाळा निघाली. मुलांचे केंस कापले जात, त्यांचीं नांवें बदललीं जात, स्वभाषेंत बोलल्यास शिक्षा होई. अशा शाळा पुढें शेंकडों झाल्या. अमेरिकन सरकारच्याच २०२४ च्या अहवालांत ४१७ शाळांची व त्यांत मृत्यु पावलेल्या किमान ९७३ मुलांची नोंद आहे. त्याच वर्षीं राष्ट्राध्यक्षांनीं या पापाबद्दल जाहीर क्षमा मागितली. आपल्याकडील आश्रमशाळांची तुलना या शाळांशीं करणें अन्यायाचें होईल. डोंगरांतील मुलास दोन वेळचें अन्न व अक्षर मिळावें, या तळमळीनें त्यांचा आरंभ झाला आणि त्यांतून शिकून शिक्षक, परिचारिका व अधिकारी झालेले लोक आहेत. तरीहि कार्लाइलचा इतिहास वाचल्यावर कांहीं प्रश्न विचारावेच लागतात. वारली बोली बोलणाऱ्या सहा वर्षांच्या मुलास पहिल्या दिवशीं पुस्तकी मराठी ऐकविली, तर तें गप्प बसतें. त्या गप्प बसण्यास आपण मंदपणा म्हणतों काय? पाठ्यपुस्तकांत त्याच्या आजोबांच्या लढ्याला किती ओळी मिळतात? ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं बोर्डी व पुढें कोसबाड येथें हे प्रश्न फार पूर्वीं ओळखले होते. मूल गुरांमागें रानांत जातें म्हणून शाळेंत येत नाहीं, तर शाळाच कुरणांत न्यावी, असें ठरवून त्यांनीं कुरणशाळा काढली. शाळेनें मुलाकडे चालत जावें, हा त्यांचा विचार त्या मुलाच्या बोलीला व इतिहासालाहि लागू पडतो.

येथें एक आक्षेप येतो, व तो प्रामाणिकपणें घेतला जातो म्हणून त्याचा विचार केला पाहिजे. असें शिक्षण मुलांच्या मनांत द्वेष पेरील, शेजाऱ्याकडे पाहण्याची त्यांची दृष्टि कलुषित करील, असें पुष्कळांस वाटतें. अमेरिकेंत हा आक्षेप कायद्याच्या रूपानें पुढें आला. ॲरिझोना राज्यानें २०१० सालीं केलेल्या कायद्यामुळें टूसॉन शहरांतील शाळांत चाललेला मेक्सिकन-अमेरिकन इतिहासाचा वर्ग २०१२ च्या आरंभीं बंद पडला. २०१७ सालीं मध्यवर्ती न्यायालयानें ही बंदी वांशिक आकसानें प्रेरित असल्याचा निर्णय दिला. त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांतील एका पाहणींत असें आढळलें, कीं अभ्यासांत मागें पडलेल्या नववीच्या मुलांनीं हा विषय घेतल्यावर त्यांची हजेरी २१ टक्क्यांनीं वाढली व गुणहि सुधारले. या निष्कर्षावर कांहीं विद्वानांनीं आक्षेप घेतले आहेत, म्हणून त्यावर फार मोठी इमारत उभारूं नये. आमचें उत्तर निराळें आहे. झरीच्या सभेची हकीकत मुलास सांगितली नाहीं, म्हणून त्याच्या घरांतील ती आठवण नाहींशी होत नाहीं. ती आजीच्या तोंडून त्याला कळतेच. पण तेथें तिला पुरावा, तारीख व दुसरी बाजू यांची जोड मिळत नाहीं. वर्गांत तीच आठवण तपासून घ्यावी लागते. सावकाराचा नातू व लग्नगड्याचा नातू एका बांकावर बसून सिमिंग्टनचा अहवाल वाचतील, तेव्हां दोघांनाहि थोडें अवघडल्यासारखें होईल. ती अडचण टाळण्यासारखी नाहीं, आणि एकमेकांचे नागरिक होण्यास तेवढी किंमत फार नाहीं.

तुलनेलाहि मर्यादा आहे. अमेरिकेंत वंश कातडीवरून ओळखला गेला. येथें एकाच रंगाच्या माणसांत नांव, अन्न, लग्न व जमीन यांनीं भिंती उभारल्या. पंजाबांतील ब्राह्मण व तेथील अस्पृश्य हे वंशानें एकच होत, असें आंबेडकरांनीं १९३६ सालीं लिहिलें, व १९४६ मध्यें शूद्रांवरील ग्रंथांतहि वंशाचें मत खोडून काढलें. तरी त्याच १९४६ सालीं त्यांनीं अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांचे पुढारी ड्यू बॉइस यांस पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रसंघाकडे तुमच्या लोकांनीं केलेल्या अर्जाची प्रत पाठवा, अशी मागणी केली, आणि ड्यू बॉइस यांनीं आपुलकीनें उत्तर दिलें. १९७२ सालीं मुंबईच्या तरुणांनीं आपल्या संघटनेस ‘दलित पँथर’ हें नांव दिलें, तेंहि अमेरिकेंतील कृष्णवर्णीय तरुणांच्या संघटनेवरून. दोन रोग एक नसतांनाहि दोन रोगी एकमेकांस ओळखतात, आणि औषधाची चौकशी करतात. विद्यार्थ्यानें साम्य शोधावें, मग भेद शोधावा आणि दोहोंची वेगवेगळी नोंद ठेवावी.

एवढें सांगून झाल्यावर आमची सूचना अगदीं साधी आहे. जव्हार-मोखाड्याच्या शाळांत इतिहासाचा शिक्षक अमेरिकेंतील दास्याचा धडा शिकवील, त्या आठवड्यांत त्यानें मुलांस तीन कामें घरीं करावयास द्यावीं. पहिलें, आपल्या पाड्यांतील सर्वांत वृद्ध माणसास वेठीविषयीं काय ऐकून ठाऊक आहे तें विचारून त्याच्याच बोलींत लिहून आणणें. दुसरें, घरांत असेल तो जमिनीचा सर्वांत जुना कागद पाहून त्यावरील नांवांचा क्रम उतरून आणणें. तिसरें, आपल्या जमातीचें नांव घरांतील माणसें काय सांगतात व दाखल्यावर तें काय लिहिलें आहे, हें शेजारीं शेजारीं मांडणें. साखरशेतच्या वर्गांतून अशा वह्या दहा वर्षें जमत गेल्या, तर गॅझेटियर लिहिणाऱ्या साहेबास जें दिसलें नाहीं तें त्यांत सांपडेल. वेठ डोळ्यांनीं पाहिलेलीं माणसें आतां फार थोडीं उरलीं आहेत, आणि त्यांच्या तोंडून ऐकलेले लोकहि म्हातारे होत चालले आहेत. हें काम पुढच्या वर्षावर टाकूं नये.